पिंजऱ्यातील उंदरीण, किंवा, दयेचा खर्च कोणी सोसावा?

गेल्या फेब्रुवारी महिन्यात जुना जालना येथे आमच्या घरी एक लहानशी गोष्ट घडली. वर्तमानपत्रात लिहावे असे तिच्यात काही आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. परंतु तिच्यातून जो प्रश्न निघाला तो लहान नाही. ज्यांच्या घरी कणगी आहे, गोठा आहे व मुले आहेत, अशा वाचकांपुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहणारच; म्हणून तो येथे मांडतो.

ज्वारीची काढणी होऊन कडबा गोठ्याच्या माळ्यावर रचला होता. कडब्याबरोबर उंदीरही घरी येतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. बियाण्यासाठी राखलेल्या एका पोत्यास दोन भोके पडलेली दिसली, तेव्हा आम्ही जुना लाकडी पिंजरा काढला, आत तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकविला व रात्री तो माळ्यावर ठेवून दिला. सकाळी पाहतो तो पिंजऱ्याचे दार पडलेले. आमच्याकडील रीत अशी की, पिंजरा तसाच उचलून पाण्याच्या बादलीत बुडवावयाचा. त्याप्रमाणे बादली भरलीही. इतक्यात आमच्या धाकट्या नातीने फटीला डोळा लावला व ती ओरडली, "आजोबा, थांबा! आत पिले आहेत!"

खरोखरच रात्रीच्या रात्री उंदरीण पिंजऱ्यातच व्याली होती. फटीतून ओढून घेतलेल्या कडब्याच्या पात्यांवर ती अंग चोरून बसली होती, आणि तिच्या पोटाखाली सहा तांबूस जीव वळवळत होते. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, प्रत्येक जीव ज्वारीच्या दहावीस दाण्यांएवढा. आम्हांस पाहून ती पळाली नाही. पळावयास जागाच नव्हती. पिंजरा बादलीच्या काठावर टेकलेला, तसाच आमचा हात थांबला.

उंदीर मारणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न आदल्या रात्री पिंजरा लावताना आम्हांस पडला नव्हता. सकाळी मात्र तो पडला. मग त्या एका रात्रीत काय बदलले? उंदीर तोच, पोत्याची भोके तीच, आमचे नुकसानही तेच. केवळ पिले पाहून मन द्रवले, म्हणजे तो मनाचा दुबळेपणा होता काय? की आदल्या रात्री न दिसलेले काही खरे सकाळी दिसले? ह्या प्रश्नाचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर करावा.

प्रथम विरुद्ध बाजू पूर्णपणे ऐकून घेऊ. कारण जी दया सत्याकडे डोळेझाक करते, ती फार दिवस टिकत नाही. उंदीर शेतकऱ्याचा शत्रू आहे, ही गोष्ट खोटी नाही. तो खातो त्याहून अधिक नासतो. घरउंदराची मादी सुमारे सहा आठवड्यांत वयात येते, सुमारे तीन आठवडे गर्भ वाहते व वर्षातून पाच ते दहा वेळा विते. म्हणजे आज वाचविलेली सहा पिले पुढील पावसाळ्यापर्यंत किती होतील, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा. रोगाची गोष्ट तर ह्याहून भयंकर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांच्या द्वारे तो माणसांस होतो असे दाखवून दिले. ही केवळ जुनी कथा नव्हे. १९९४ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला ह्या गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले, व त्यानंतर लवकरच सुरत शहरात हाहाकार उडाला. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा नावाचे रोगजंतू माणसाच्या अंगात शिरतात, हेही आज डॉक्टर लोक वारंवार सांगतात.

कायद्यानेही उंदरास कधी जवळ केले नाही. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि तीत कावळा व फळे खाणारी वटवाघळे ह्यांच्याबरोबर उंदराचे नाव होते. २०२२ सालच्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली. परंतु तेवढ्यावरून उंदीर शेतकऱ्याचा मित्र झाला असे नाही. आपल्या पवित्र शास्त्रातही लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात त्याची गणना अशुद्ध प्राण्यांत आहे, आणि पलिष्ट्यांनी सोन्याचे उंदीर करून पाठविले ती हकिकत १ शमुवेल ६ मध्ये वाचताना, उंदरांनी नासलेल्या देशाचे दुःख त्या काळच्या लोकांसही ठाऊक होते, हे कळते.

हे सर्व मान्य करून आम्ही स्पष्ट म्हणतो की, आपले धान्य व आपली मुले राखण्यासाठी उंदीर मारणे हे पाप नाही. ज्या बाईने वर्षभराची बाजरी राखण्यासाठी सापळा लावला, तिच्या मनास टोचणी लावण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

तर मग आमचा हात का थांबला? आम्हांस असे वाटते की, शेतात अगर कणगीत शिरलेला उंदीर आणि आपल्या हाती सापडलेला असहाय जीव ह्यांत भेद आहे, आणि तो भेद केवळ भावनेचा नव्हे. पहिल्याशी आपली झुंज चालू असते. तो पळू शकतो, लपू शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत झुंज संपलेली असते. आता तो जगेल की मरेल, हे सर्वस्वी आपल्यावर अवलंबून असते. जेथे सत्ता पूर्ण, तेथे जबाबदारीही पूर्ण. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात रानात सापडलेल्या पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. पिलांवर बसलेली आई व पिले दोन्ही एकदम घेऊ नयेत, आईस सोडून द्यावे, असा त्याचा आशय. ज्या नियमशास्त्रात राज्याचे व वेदीचे मोठमोठे नियम आहेत, त्यात वाटेवरच्या एका घरट्यासाठीही जागा केली आहे. पाखरू खाण्याची मनाई तेथे नाही. परंतु आईपण पाहिल्यावर हात आवरावा, एवढी मर्यादा तेथे घातली आहे.

ही जाणीव एकाच देशाच्या वाट्यास आलेली नाही. पैठणच्या एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवास कावडीतील गंगाजल पाजल्याची कथा आपल्या ह्या गोदावरीच्या मुलखात कोणास ठाऊक नाही? आणि ज्या स्कॉटलंड देशाचे नाव जालन्याच्या जुन्या मिशनामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे, तेथील रॉबर्ट बर्न्स नावाच्या शेतकरी कवीने १७८५ साली एका उंदरावरच कविता लिहिली. नांगराच्या फाळाने उंदराचे घरटे मोडले, एवढाच तिचा विषय; ती पुढील वर्षी त्याच्या पहिल्या संग्रहात छापली गेली. तो स्वतः कुळाने जमीन कसणारा गरीब मनुष्य होता, आणि उंदीर धान्य चोरतो हे त्यास चांगले माहीत होते. पोट भरलेल्या मनुष्याचीच ही करमणूक, असे कोणी म्हणू नये.

असो. आम्ही बादली रिकामी केली. परंतु तेथे प्रश्न संपला नाही. खरा तेथूनच सुरू झाला. मारावयाचे नाही एवढे ठरविणे सोपे. पुढे काय करावयाचे?

पाठीवर भुरकी, पोटाशी पांढरी, वजनाने तोळाभर अशी ती उंदरीण घूस नव्हती व चिचुंद्रीही नव्हती. शेताच्या बांधात बीळ करून राहणाऱ्या लहान शेतउंदराच्या जातीची ती होती. तिला त्याच क्षणी बाहेर सोडले असते, तर ती पळाली असती व पिले मेली असती. म्हणून आम्ही पिंजऱ्याचे दार उघडून तो पिंजराच तेलाच्या मोठ्या, उभ्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. पत्रा गुळगुळीत असल्यामुळे तिला चढता येईना. वर बारीक जाळी बांधली. आत वाळके गवत व कागदाचे तुकडे टाकले. कापूस अगर सूत टाकले नाही. कारण त्याचे धागे पिलांच्या पायांस गुंडाळून पाय जायबंदी होतात. बाजरी, ज्वारी, करडई व थोडे भिजविलेले हरभरे हे तिचे अन्न. पाणी एका उथळ झाकणात, आणि पिले बुडू नयेत म्हणून त्यात खडे. मुंग्यांस अटकाव व्हावा म्हणून डबा पाण्याच्या परातीत विटांवर ठेवला. गोठ्याचा अंधारा कोपरा त्यास दिला. स्वयंपाकघरात त्यास येऊ दिले नाही. डब्यास ज्याचा हात लागला त्याने साबणाने हात धुवावे, हा नियम मुलांस घालून दिला. शेजारच्या एका बाईने गाईचे दूध पाजावयास सांगितले. ते आम्ही केले नाही. आई जवळ असता पिलांस दुसरे काही लागत नाही, आणि नळीने पाजलेले दूध त्यांच्या फुफ्फुसात जाऊन ती मरतात.

येथे आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. चौथ्या दिवशी घरी पाहुणे आले. आम्ही काय करीत आहो हे त्यांस दाखवावे, अशी इच्छा मनात उत्पन्न झाली. एका दुपारी आम्ही तीन वेळा जाळी काढली व गवत बाजूस सारून पिले दाखविली. पाहुणे म्हणाले, "वा, मास्तर! केवढी ही दया!" ते ऐकून आम्हांस बरे वाटले. दुसरे दिवशी सकाळी पिले पाचच होती. भ्यालेली उंदरीण आपलेच पिलू खाते, हे आम्हांस पुढे कळले. नात विचारू लागली, "आजोबा, एक कुठे गेले?" तिला खरे उत्तर दिले. ते देताना जी लाज वाटली, ती पिंजरा बुडविताना वाटली नसती.

त्या एका पिलाने आम्हांस पुष्कळ शिकविले. दया करणाऱ्यास आपली दया पाहण्याची व दाखविण्याची हौस असते, आणि त्या हौशीची किंमत दुर्बळास द्यावी लागते. त्या दिवसापासून आम्ही दिवसातून एकदाच, तिन्हीसांजेस, दाणे व पाणी ठेवीत असू व निघून जात असू. दहाव्या दिवसाच्या सुमारास पिलांच्या अंगावर लव आली असावी. चौदाव्या दिवसानंतर एका संध्याकाळी गवतातून दोन काळे डोळे चमकताना दिसले. सांभाळण्याचा बहुतेक भाग म्हणजे दूर राहणे, हे आम्हांस त्या तीन आठवड्यांत समजले. उपदेशक बंधूंनी ह्याचा विचार करावा. दुःखिताच्या घरी आपण वारंवार जातो ते त्याच्यासाठी, की आपण गेलो असे लोकांनी म्हणावे म्हणून?

इतक्यात दुसरा प्रश्न दाराशी आला. आमचे एक शेतकरी शेजारी आहेत, वयाने आमच्याहून लहान, स्वभावाने सरळ. गेल्या वर्षी त्यांचे पेरणीचे बियाणे उंदरांनी नासले होते. जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली येथे महिको कंपनी स्थापन झाली तेव्हापासून ह्या गावाचे नाव बियाण्यांमुळे दूरवर गेले आहे. बियाणे गमावणे म्हणजे काय, हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. ते गोठ्यात आले, डब्याकडे पाहिले व म्हणाले, "मास्तर, तुम्ही दया करा, मी नको म्हणत नाही. पण ती माझ्या बियाण्यावर करू नका."

ह्या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "आमच्याच शेताच्या बांधावर सोडू. कडबा तेथूनच आला होता." ते हसून म्हणाले, "उंदराला सातबारा वाचता येत नाही, मास्तर. बांधाच्या पलीकडे माझे शेत आहे."

वाचकहो, ह्या प्रश्नाची गाठ येथे आहे. आपण दया करतो, आणि तिचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर पडतो. भिकाऱ्यास घरातील बाईच्या वाट्याची भाकरी देणारा पुरुष, मोकाट गुरांचा कळवळा करून त्यांस दुसऱ्याच्या पिकात चरू देणारा मनुष्य, हे सर्व आपणांस दयाळू म्हणवितात. परंतु जी वस्तू आपली नाही, ती देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ज्याचा भार दुसऱ्याने वाहावयाचा, त्या दयेस दया हे नाव शोभत नाही. लंडन शहरात १८२४ साली मुक्या प्राण्यांवरील क्रौर्य बंद करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. तीत पुढाकार घेणारे आर्थर ब्रूम हे पाळक होते. मंडळीस कर्ज झाले, तेव्हा त्यांनी ते दुसऱ्यावर ढकलले नाही. त्या कर्जापायी ते स्वतः तुरुंगात गेले. आज ते काम जगभर पसरले आहे, परंतु त्याचा आरंभ असा एका मनुष्याने स्वतः सोसलेल्या खर्चाने झाला.

तुरुंगात जाण्याचा प्रसंग आमच्यावर नव्हता. परंतु शेजाऱ्याचे देणे होते. त्या आठवड्यात आम्ही बाजारातून पत्र्याची एक झाकणबंद कोठी आणून त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांच्या कोठारात भिंतीच्या तळाशी जी बिळे होती, ती दोघांनी मिळून खडी व सिमेंट घालून बुजविली. आमच्या घरीही पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचली. हे करताना शेजारी म्हणाले, "हे आधीच केले असते तर गेल्या वर्षी माझे बियाणे वाचले असते." आणि आमच्या मनात आले, हे आधीच केले असते तर पिंजराही लावावा लागला नसता. बीळ बुजविणे व कोठीचे झाकण घट्ट लावणे ह्यास कोणी दया म्हणत नाही; परंतु पन्नास उंदीर बुडविण्यापेक्षा ते बरे, आणि धान्यही त्यानेच अधिक राखले जाते.

कोणी विचारील, माणसांची मुले उपाशी असता उंदराच्या पिलांची काळजी कशास? हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. माणूस आधी, ह्यात शंका नाही. मूठभर बाजरीने एखाद्या मुलाचा घास तुटत असेल, तर ती मूठ मुलाचीच. परंतु आमचा अनुभव असा की, जो हात दुर्बळाशी कठोर होण्याची सवय करतो, तो प्राणी व माणूस असा भेद फार काळ ठेवीत नाही. आमच्या नातीस आम्ही त्या सकाळी जे दाखविले असते, ते तिने उंदरापुरतेच शिकले असते काय?

आता शेवटची गोष्ट. पंचविसावा दिवस आला. पिले स्वतः दाणे खाऊ लागली होती. नात म्हणाली, "आजोबा, एक तरी ठेवू या ना." ह्या विनंतीस नाही म्हणणे आम्हांस सर्वांत कठीण गेले. तिला म्हणालो, "बाळ, ती आपली नाहीत. आपण त्यांचे कारभारी होतो, मालक नव्हे." तिने पुढे विचारले, "मग बाहेर पिंगळ्याने खाल्ले तर?" खाईलही. पिंगळा, गव्हाणी घुबड, धामण ही सर्व उंदीरही खातात, आणि त्यांनाही पिले आहेत. त्या उंदरांचे पुढील सर्व आयुष्य सुरक्षित करणे आमच्या हाती नव्हते व ते आमचे कामही नव्हते. आमच्यामुळे जी अडचण त्यांच्यावर आली होती, ती दूर होईपर्यंत सांभाळणे एवढेच आमचे काम होते. कारभाऱ्याने सोपविलेल्या मुदतीत हिशेब चोख ठेवावा, आणि मुदत संपली म्हणजे किल्ल्या परत द्याव्या. तान्ह्या मुलापासून पोरक्या भाचरापर्यंत, मंडळीतील नव्या मनुष्यापासून शाळेतील विद्यार्थ्यापर्यंत, जे जे आपल्या हाती येतात ते सर्व काही मुदतीपुरते येतात. त्यांस सोडण्याची वेळ आली असता जो मुठी आवळतो, त्याने आरंभापासून स्वतःसाठीच सांभाळले होते, असे म्हणावे लागते.

त्या दिवशी तिन्हीसांजेस आम्ही तिघे, म्हणजे आम्ही, नात व शेजारी, आमच्या शेतावर गेलो. शेजारी स्वतः होऊन आले होते. शेजाऱ्यांच्या शेताच्या उलट बाजूस, ओढ्याकडील पडीक तुकड्याच्या बांधाशी, झुडपाखाली डबा आडवा केला, गवत तसेच राहू दिले व मूठभर बाजरी टाकली. पुष्कळ वेळ काही हालले नाही. मग उंदरीण बाहेर आली, वास घेतला, व गवतात शिरली. तिच्यामागे पिले एकेक करून गेली. आम्ही मोजली, पाच भरली. कोणी मागे पाहिले नाही, आणि तसे का पाहावे?

लाकडी पिंजरा अद्याप आमच्या माळ्यावर आहे. गरज पडली तर आम्ही तो पुन्हा लावू, हे लपवून ठेवीत नाही. परंतु आधी बिळे पाहू, कोठीचे झाकण पाहू, आणि लावलाच तर भल्या पहाटे उठून आत काय आहे ते पाहू. ज्या वाचकांच्या घरी पिंजरा आहे त्यांनीही एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.